नावापुढचा निळा दिवा

आर्वी
९ जून २०२५

साकेत,

पत्र पाहून घाबरू नको. कोणी गेलेलं नाही आणि कोणाचं लग्नही नाही. माझं तर नाहीच. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघं दीड मिनिटात 'बाकी काय?' वर येतो आणि मग दोघंही 'चालू आहे' म्हणून ठेवून देतो. जूनचा पहिला पंधरवडा दुकानात शांत असतो. पेरण्या व्हायच्या आहेत, फवारणीचे पंप कोणी विचारत नाही. म्हणून दुपारी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे.

परवा नत्थूजी दुकानात आले होते. आता ते रोहण्याला शेतीच पाहतात. पंपाचं वायसर न्यायला आले आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अबे, तू कवडूवाला पोट्टा ना? अन् तो मास्तरवाला कुठं राह्यते आता?"

सव्वीस वर्षांनंतर आपली नावं त्यांना आठवत नाहीत, आपण कोणता गडी घेऊन लढायचो ते आठवतं.

मी म्हटलं, "नाशिकले आहे. मोठ्या कंपनीत."

"खेळते का अजून?"

"रोज खेळतो आम्ही. टीव्हीवर, इंटरनेट लावून. तो तिकून, मी इकून."

"चाळीशीले आले न बे तुम्ही," म्हणाले, आणि वायसर खिशात टाकून निघून गेले.

त्या दिवसापासून एसटी डेपोच्या भिंतीला लागून असलेली नत्थूजींची ती टिनाची व्हिडिओ गेमची शेड डोक्यातून जात नाही. मशीनवर सगळी जपानी अक्षरं, खेळाचं नाव कोणालाच वाचता यायचं नाही, म्हणून नत्थूजींनी 'पहिलवान' ठेवलं. खोक्यावरचं इंग्रजी नाव आपण पुढे वाचलं, पण आजही घेत नाही. लांब हनुवटीचा गडी डेपोतल्या कवडू मेकॅनिकसारखा दिसायचा, म्हणून तो कवडू. काठीवाला म्हातारा तो मास्तर. आणि नत्थूजींचे दोन नियम. आखाड्यात उतरताना दोन बैठका. म्हणजे दांडा दोनदा खाली ओढायचा, की आपला गडी दोनदा बसून उठायचा. विसरलं की मागून टपली. दुसरा नियम, तोंड बंद. "बोलाचं असन त बाहीर बोला, इथं हात चालवा." जगात हा खेळ लाखो लोक खेळत असतील. बैठका मारणारे आपण दोघंच उरलो असू.

आता हा आठवा भाग. आपण दोघांनी गेल्या वर्षी घेतला तेव्हापासून माझं त्याच्याशी भांडण चालू आहे. कवडूची त्यांनी वाट लावली. छातीला तेल, केस निळे, हनुवटी कापून बारीक केली. जी उलटी लाथ शिकायला आपण दोन उन्हाळे घालवले ती आता एक बटण दाबलं की कोणालाही मारता येते. दर आठवड्याला नवे कपडे विकायला काढतात, जसं काही कवडूचं लग्न आहे. मी आठवड्यातून तीनदा ठरवतो की मशीन विकून टाकायचं. मग एखादा वार नेमका बसतो, आवाज तोच, टिनावर दगड पडल्यासारखा, आणि मी सगळं माफ करतो. बायको असती तर तिच्याशीही असंच जमलं असतं बहुतेक.

लिहायचं होतं ते वेगळंच. एप्रिलमध्ये स्वप्निल आई-बाबांना वर्ध्याला लागून पिपरी मेघेला, त्याच्या घरी घेऊन गेला. बाबांना दर आठवड्याला वर्ध्याला दाखवावं लागतं, आर्वीहून एसटीने नेणं त्यांना झेपेना. माझ्या भावाने केलं ते बरोबरच होतं. दुकानावरचं घर आता रिकामं आहे. मी आठला दुकान वाढवतो, वर जातो, खिचडी लावतो, साडेआठला मशीन सुरू करतो. तुझ्या नावापुढे निळा दिवा असतो. दिवाळीआधी तो हिरवा असायचा आणि तूही कधी असायचास, कधी नसायचास. मग नवं अपडेट आलं, दिवा निळा झाला, आणि तेव्हापासून तू एक दिवस चुकवलेला नाहीस. मी आव्हान पाठवलं की लगेच घेतोस. दोन बैठका, पाच सामने, बोलणं नाही. मग मी जेवतो.

त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. म्हणून हे पत्र. वहिनींना नमस्कार.

प्रफुल


नाशिक
२४ जून २०२५

प्रफुल,

तुझं पत्र जुन्या पत्त्यावरून फिरून आलं, म्हणून उत्तराला उशीर. यापुढे पाकिटावरच्या पत्त्यावर पाठव. तो कंपनीच्या जवळ पडतो.

नत्थूजींना अजून मास्तर आठवतो हे वाचून हसू आलं. मला त्यांच्या टपल्या आठवतात. तू कवडूच्या हनुवटीचं एवढं मनावर घेऊ नकोस. खऱ्या कवडूलाही ती कापून मिळाली असती तर त्याने नाही म्हटलं नसतं. मास्तरचंही काही बरं केलेलं नाही. दाढी पांढरी केली आणि उजवा पाय ओढत चालायला लावलं. आपण त्याला म्हातारा म्हणायचो तेव्हा तो बहुतेक आपल्या आजच्या वयाचा असेल.

आभार कसले मानतोस. असतो मी. इथेही संध्याकाळी विशेष काही नसतं. फक्त एक, हाताला पूर्वीचा वेग नाही, त्यामुळे मी कधी विचित्र खेळलो तर मनात काही आणू नकोस.

चारुता ठीक आहे. तिचं शाळेत शिकवणं पुन्हा सुरू झालं. काका-काकूंची प्रकृती कळव. घर रिकामं झाल्याचं तू चार ओळींत उरकलंस, पण ते मी दोनदा वाचलं. जेवण वेळेवर करत जा. खेळ झाल्यावर नको, आधी.

साकेत


आर्वी
४ जुलै २०२५

साकेत,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकानात ही गर्दी. पेरण्या झाल्या, आता प्रत्येकाला पंप आठवला आणि प्रत्येकाचा पंप गळतो. पाकीट खिशात घालून दिवसभर फिरलो, रात्री जेवताना वाचलं. जेवण आधी केलं, तू सांगितल्याप्रमाणे.

विचित्र खेळण्याचं लिहिलंस ते बरं केलंस. माझ्या लक्षात आलंच होतं. पहिले दोन राउंड तू नीट लढतोस आणि तिसऱ्यात कोपऱ्यात जाऊन नुसता काठी आडवी धरून उभा राहतोस. मी दहा मारले तरी तू एक मारत नाहीस. मला जिंकू देतोस हे कळतं मला. लहानपणी असं केलं असतंस तर मी डोकं फोडलं असतं. आता चालते. दिवसभर गिऱ्हाइकांची ऐकून घेतल्यावर कोणीतरी मुद्दाम हरतं आहे हे बरं वाटतं.

आता एक काम. स्वप्निलने माझ्यामागे लावलं आहे की दुकान काढून टाक आणि पिपरी मेघेला ये. त्याचं हार्डवेअरचं चांगलं चालतं, त्याला घरचा माणूस पाहिजे. त्यात वाईट काही नाही. पण मला माझं दुकान आहे, माझी गिऱ्हाइकं आहेत, आणि तिथे मी त्याच्या दिवाणखान्यात झोपणार आणि त्याच्या मुलींच्या अभ्यासाच्या वेळेला पहिलवान लावून बसणार, हे काही बरं दिसत नाही. आईचं एकच पालुपद, "तू तिथं एकटा कसा राह्यशीन?" मी तिला सांगितलं, "एकटा नाही आहो मी. साकेत असते रोज." तिला ते समजत नाही. म्हणे, "साकेत त नाशिकले आहे ना?"

म्हणून ठरवलं की दाखवून द्यावं. वीस तारखेला, रविवारी, स्वप्निल आईला घेऊन आर्वीला येतो आहे. सकाळी अकराला मी मशीन लावीन. त्या दिवशी नत्थूजींचा नियम मोडू. माझ्याकडे माइक आहे, कधी खोक्यातून काढला नाही. तू तुझ्याकडचा सुरू ठेव. आई तुझ्याशी दोन शब्द बोलेल, तू 'काकू, कशा आहात' एवढं म्हण, म्हणजे तिच्या जिवाला समाधान. स्वप्निलचंही तोंड बंद होईल.

रविवार आहे म्हणून तुला सुट्टी असेलच. काही अडचण असली तर कळव. नाही कळवलं तर तू आहेस असं धरतो.

प्रफुल


नाशिक
१६ जुलै २०२५

प्रफुल,

हे स्पीड पोस्टने टाकतो आहे. वीसच्या आत मिळेल अशी आशा आहे. फोन करायला हवा हे मला कळतं. काल आणि आज तुझा नंबर काढला आणि परत ठेवला. बोलताना मी तुला पुन्हा काहीतरी भलतंच सांगितलं असतं.

निळा दिवा म्हणजे मी नाही.

दिवाळीच्या सुमारास आलेल्या अपडेटमध्ये त्यांनी 'छाया' म्हणून एक सोय दिली. आपण कसे खेळतो ते मशीन पाहून शिकतं, आणि आपण नसलो तरी आपल्या नावाने, आपल्यासारखं खेळतं. हिरवा दिवा म्हणजे माणूस हजर आहे, निळा म्हणजे त्याची छाया. सुरुवातीला एकदा विचारतात, ठेवायची का. मी हो म्हटलं असणार. मी दिवाळीनंतर त्या मशीनला हात लावलेला नाही.

बैठकांमुळे तू फसलास. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे झालं नसतं. मी प्रत्येक सामन्याच्या सुरुवातीला दोन मारायचो, तेव्हा तेही त्याने शिकून घेतलं. त्याला तो मास्तरचा डावच वाटला असेल.

पहिल्या पत्राला उत्तर देताना हे लिहायला हवं होतं. लिहायला बसलोही होतो. पण तू लिहिलं होतंस की मी रोज असतो. मी कुठेतरी रोज असतो, कोणाला तरी त्याचं बरं वाटतं, हे वाचून मलाच इतकं बरं वाटलं की ते खोडवेना. म्हणून 'असतो मी' असं लिहिलं. माझ्याकडे याहून चांगलं कारण नाही.

काकूंना काहीतरी निमित्त सांग. मी आजारी आहे म्हण. खेळणं का सोडलं ते पुढे लिहीन.

साकेत


आर्वी
२३ जुलै २०२५

साकेत,

तुझं पत्र काल, मंगळवारी आलं. रविवार होऊन गेला होता.

कसा झाला ते सांगतो, म्हणजे तुलाही कळू दे. आई डब्यात सांभारवडी घेऊन आली होती. स्वप्निल खुर्चीवर, आई पलंगावर अगदी टीव्हीसमोर, पदर नीट घेऊन. मी मशीन लावलं, निळा दिवा होता, आव्हान पाठवलं, लगेच घेतलं. मी माइक आईच्या हातात दिला. मास्तर आला आणि दोन बैठका मारल्या.

आई म्हणाली, "पाह्य, वाकला. वळण आहे पोराले."

मग माइक तोंडाजवळ धरून म्हणाली, "साकेत, मी प्रफुलची आई बोलून राह्यली. जेवला काय रे?"

मास्तरने काठी घातली. कवडू पडला. मी काही केलंच नाही, माझे हात थांबले होते.

"साकेत, जेवला काय? आवाज येते का तुले?"

पुन्हा काठी. मी आईला म्हटलं, "तिकडचा माइक बिघडला असन." तिने तरीही विचारलं, चारुता कशी आहे, पाऊस आहे का तिकडे, नागपूरला तुझे नाना बरे आहेत का. एवढं सगळं विचारून ती उत्तरासाठी थांबायची, आणि मास्तर तेवढ्या वेळात मारायचा. स्वप्निल मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. शेवटी आईच म्हणाली, "कामात असन तो. आपण काऊन तरास द्या." आणि माइक माझ्या हातात परत दिला, दोन्ही हातांनी, काचेचं भांडं दिल्यासारखा.

जाताना ती जिन्यात थांबली आणि स्वप्निलला हळूच म्हणाली, "याले संग घेऊन चाल बावा." तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही.

मी एकटा नाही याचा पुरावा दाखवायला मी तिला बोलावलं होतं, साकेत. तिने पाहिलं की आपला मुलगा एका चित्राला साकेत म्हणतो आणि त्याच्यासाठी दुकान सोडायला तयार नाही.

तुले सांगाले का झालं होतं बे? एक फोन. 'ते मी नाही' एवढे तीन शब्द. आठ महिने मी दुकान वाढवून धावत वर आलो, तू वाट पाहत असशील म्हणून. एकदा ताप होता तर तापात बसलो, तुला चुकल्यासारखं वाटू नये म्हणून. आणि जूनमध्ये मी आपणहून लिहिलं होतं की तू रोज असतोस, तरी तू 'असतो मी' लिहिलंस. मशीनने मला फसवलं नाही, त्याने दिवा निळा करून ठेवला होता. तू फसवलंस.

आजारी आहे म्हणून सांगणार नाही. आई तुझ्यासाठी काळजी करत बसेल.

पत्र पाठवू नको.

प्रफुल


नाशिक
११ ऑगस्ट २०२५

प्रफुल,

पाठवू नको म्हणालास तरी पाठवतो आहे. हे वाचून फाडून टाकलंस तरी चालेल.

चारुता आणि मी दिवाळीपासून वेगळे राहतो. भाऊबीज झाली आणि मी दोन बॅगा घेऊन निघालो. टीव्ही आणि मशीन तिथेच राहिलं. एका खोलीत राहतो. वरच्या मजल्यावर घरमालक, खाली तीन नोकरदार पोरं, मधल्या मजल्यावर मी. वकिलाकडे अजून गेलेलो नाही, जायचं आहे.

भांडण म्हणावं असं झालं नाही. तिची तक्रार तीच होती. ती म्हणायची, तुला काहीही विचारलं तरी तू नेहमीचं उत्तर देतोस. दमलास का, नाही. बरं वाटतं का, हो. तिला खरोखर काही विचारायचं असायचं आणि मी समोरून हो-नाही करत राहायचो. वर्षभर तिने वाट पाहिली. मग तिने विचारणं सोडलं आणि ते माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नानांना अजून वाटतं चारुता शाळेत अडकली म्हणून मी एकटाच नागपूरला येतो. तुला जूनमध्ये लिहिलं की ती ठीक आहे, तेही अंदाजानेच.

काकूंनी जे जे विचारलं ते तू लिहिलंस. वाचताना मी मनातल्या मनात उत्तरं देत गेलो. जेवलो होतो. पाऊस होता. नाना बरे आहेत.

छाया माझ्या नावावर आहे, ती फोनवरूनही काढून टाकता येते. पासवर्ड मला आठवतो. तू सांगितलंस तर त्याच दिवशी काढून टाकीन. तुला ती तिथे नको असेल हे मी समजू शकतो. आणि असली तर चालत असेल, हेही समजू शकतो. मी आपणहून काही करणार नाही, या बाबतीत मी पुष्कळ आपणहून केलं आहे.

साकेत


आर्वी
२६ सप्टेंबर २०२५

साकेत,

पत्र फाडलं नाही. उत्तर द्यायचं नाही असं मात्र ठरवलं होतं, आणि ते दीड महिना पाळलं. त्यात फवारणीचा हंगाम, सकाळी आठला शटर उघडायच्या आधी माणसं पायरीवर पंप घेऊन बसलेली असायची. राग धरायला तेवढं काम पुरलं.

मशीनवर चादर टाकून ठेवली होती. एक गिऱ्हाईकही आलं, नीलेश म्हणून आहे, आमच्या ओळीत मोबाईल विकतो. त्याला दाखवायला म्हणून चादर काढली, सुरू केलं, आणि तोच नवा कवडू, निळे केस, तेलकट छाती. नीलेश म्हणाला, "भारी आहे हो भाऊ हा!" मला इतका राग आला की मी त्याला म्हटलं, विकायचं नाही. त्याला अजून कळलं नाही त्याचं काय चुकलं. मलाही नीट सांगता येणार नाही. हा खेळ मला आवडत नाही, आणि तो दुसऱ्या कोणाला आवडलेला मला चालत नाही.

तो गेल्यावर मशीन सुरूच होतं. तुझ्या नावापुढे दिवा होता. आव्हान पाठवलं. या वेळी ते तू नाहीस हे माहीत होतं, म्हणून मी लढलो नाही. कवडूला उभा ठेवला आणि हात मांडीवर घेऊन नुसतं पाहत बसलो. पहिले दोन राउंड मास्तर छान लढला. माझा गडी उभाच्या उभा, त्यामुळे त्याला सोपं होतं, पण डाव सगळे तुझेच. ती काठी खालून वर आणण्याची पद्धत मी शंभर जणांत ओळखीन. तिसरा जिंकला की सामनाच त्याचा, आणि तिसऱ्यात तो कोपऱ्यात गेला. काठी आडवी धरली. कवडू हलत नव्हता, मारत नव्हता, चार फटके दिले असते तर सामना संपला असता. तो देईना. घड्याळ संपेपर्यंत तसाच उभा.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. असे सहा सामने पाहिले.

जुलैत मी तुला लिहिलं होतं की तू मला जिंकू देतोस. तसं असतं तर उभ्या गड्यासमोर त्याने असं करायचं कारण नव्हतं. मशीन मनाने काही करत नाही, तूच लिहिलं आहेस, ते पाहून शिकतं. म्हणजे दिवाळीआधी, ऑक्टोबरमध्ये, दिवा हिरवा होता आणि पलीकडे खरोखर तू होतास, तेव्हा तू असा खेळत होतास. दर वेळी, शेवटचा राउंड. तुला हरायचंही नव्हतं आणि जिंकायचंही नव्हतं, तुला तो संपवायचा नव्हता. संपला की टीव्ही बंद करून घरात वळून पाहावं लागणार होतं.

आणि मी समोर होतो, साकेत. तू असायचास त्या प्रत्येक संध्याकाळी समोर होतो. मला वाटलं, साकेतचा हात म्हातारा झाला. मी दहा वार मारले आणि खुशीत जेवायला गेलो. एका यंत्राच्या ते ध्यानात आलं आणि माझ्या आलं नाही. तेव्हा एक फोन मीही करू शकत होतो. तुझ्यावरचा राग अर्धा माझ्याकडे आला आहे. अर्धा अजून तुझ्याकडेच ठेव, तो खरा आहे.

स्वप्निलला मी दिवाळीपर्यंत थांब म्हटलं आहे. जाईन की नाही, माहीत नाही. आई फोनवर आता विचारत नाही की एकटा कसा राहतोस. विचारायची तेव्हा चीड यायची, आता विचारत नाही तर फोन ठेवल्यावर करमत नाही. तुझ्याबद्दल तिला अजून काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग, नानांना आधी.

छाया काढून टाक. ठेवावी असंही वाटलं होतं. तीन-चार दिवस तर नक्कीच वाटलं. साडेआठला कोणीतरी दोन बैठका मारतं, एवढ्यावर माणसाचं भागतं. माझं आठ महिने भागलं, कोणाची कमी जाणवली नाही, आणि आता त्याचीच भीती वाटते. पत्र मिळेल त्या दिवशी काढ. मी पाहीन.

आणि इकडे ये. रात्रीच्या गाडीने पुलगावला उतरलास की तिथून आर्वीची एसटी आहे. आईची खोली रिकामी आहे, पंखा आवाज करतो पण फिरतो. आपण काय बोलू ते मला माहीत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांत आपण कधी समोरासमोर बसलो नाही, शेजारी बसलो, दोघांची तोंडं टीव्हीकडे. पहिला दिवस अवघड जाईल. नाहीच जमलं तर दुकानात बस. दिवसाला तीस पंप येतात, खोलून, धुवून परत जोडायचे असतात, त्याला बोलावं लागत नाही.

दिवाळीची वाट पाहू नको. त्या दिवशी त्या खोलीत एकटा बसू नको. कळवून यायची तर गरजच नाही, कळवायचं म्हटलं की तू लिहायला बसशील आणि यायचं राहून जाईल. येजो.

प्रफुल